डोंगरावरचा पेशंट

...आणि वर आणखी टॉर्च लावायचा नाही म्हणे! का, तर दुर्बिणीला त्रास होतो! अहो, दुर्बीण आहे की बाळंतीण? हाडं गोठवणारी थंडी, एकशे चाळीस पायऱ्या, पायाखाली काय आहे ते दिसत नाही, मोबाइल खाली एका डब्यात काढून घेतलेला, आणि पुढे चाललेला माणूस अंधारात कुजबुजतो, ‘सांभाळून हां, इथली एक पायरी तुटलीय.’ कुठली? ‘इथली’ म्हणजे कुठली? आणि तुम्हाला सांगतो, एवढं सगळं होऊनसुद्धा मी एका शब्दाने बोललो नाही. मी! ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही याबद्दल आमच्या घरात कधी दुमत झालं नाही, तो मी... मी आपला गप्प!

हसताय काय? अहो, माझा धंदाच बोलण्याचा. तीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवतोय. शेजारी बसायचं आणि बोलायचं. ‘क्लच दाबा, क्लच... अहो तो ब्रेक झाला... आरशात बघा, आरशात, माझ्याकडे काय बघताय!’ दिवसाचे आठ तास. घरी आलो की हिला वाटतं, आता तरी दमला असेल. छे! बाहेर बोलतो ते पोटासाठी, घरात बोलतो ते आवडीनं. आमच्या दादानं तर मला उभ्या जन्मात नावानं हाक मारली नाही. मी त्याचा ‘रेडिओ’. ‘ए रेडिओ, बंद हो.’ झालं. भावाभावांचं संभाषण संपलं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा मी आठ वर्षांचा, तो एकोणीस. त्यानं कॉलेज सोडलं आणि पाणीपुरवठ्याच्या पंपघरात चिकटला, तो एकोणचाळीस वर्षांनी निवृत्त होऊनच बाहेर पडला. रात्रपाळी कुणालाच नको असायची, म्हणून ती ह्याची. पंप घरघरतोय, काटे बघायचे, टाकी भरली की व्हॉल्व्ह बंद करायचा. मधल्या वेळात माणसानं करावं काय? हा बाहेर खुर्ची टाकून आभाळ बघायचा. घड्याळ बंद पडलं तरी ह्याचा व्हॉल्व्ह वेळेवर बंद! ‘तो पांढरा तारा टाकीच्या कडेला टेकला की व्हॉल्व्ह. दुसऱ्या दिवशी चार मिनिटं आधी टेकतो, तो हिशोब धरायचा.’ एवढं एक वाक्य तो मला माझ्या लग्नात बोलला होता. त्यानंतर सात-आठ वर्षं काही विशेष बोलल्याचं आठवत नाही.

असा हा माणूस. आणि मागच्या वर्षी त्याच्या पोटात दुखायला लागलं.

दुखणं, वजन उतरणं, तपासण्या, परत तपासण्या. आणि एक दिवस पुतण्याचा मला फोन, ‘काका, घरी या, पण बाबांना कळू देऊ नका.’ गेलो. सगळी मंडळी स्वयंपाकघरात. नळ सोडून ठेवलेला, का तर बाहेर दादाला ऐकू जाऊ नये! पुतण्या, सूनबाई, वहिनी... आणि पाणी भळाभळा वाहतंय. ज्या माणसानं जन्मभर पाण्याचा थेंब वाया जाऊ दिला नाही, त्याचं मरण आम्ही नळ सोडून ऐकलं हो! कॅन्सर. स्वादुपिंडाचा. शेवटची पायरी. तीन महिने, फार तर चार.

वहिनी ओट्याला धरून उभ्या. रडल्या नाहीत. पुतण्या म्हणाला, ‘बाबांना सांगायचं नाही. ग्रंथीला सूज आहे, गोळ्यांनी उतरेल, असं सांगायचं. हसत-खेळत जाऊ द्या त्यांना.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि मग... सगळ्यांच्या माना एकदम माझ्याकडे वळल्या! काय ते बघणं! जशी काय गळकी टाकी बघतायत! ‘काका, तुम्ही...’ ‘भाऊजी, तुम्ही तेवढं...’ अरे, मी काय लहान आहे? शपथ घ्यायला लावली मला. साठ वर्षांच्या माणसाला! घेतली. मी आपला गप्प!

पण खरी गंमत... गंमत कसली... खरं दुखणं पुढेच आहे. दात!

हे दुखणं निघायच्या थोडं आधीच दादानं नवे दात बसवायला घेतले होते. म्हणजे वरचे सगळे उपटून, जबड्यात स्क्रू बसवून, हाड भरायला सहा महिने थांबायचं, आणि मग त्यावर पक्के दात. स्क्रू बसले, आणि इकडे रिपोर्ट आला. आता सांगा! तीन महिन्यांचा माणूस सहा महिन्यांनी येणाऱ्या दातांसाठी पातळ भात गिळतोय! दाताचा डॉक्टर त्याच्या पाठीवर थाप मारतो, ‘सहा महिने कळ काढा आजोबा, मग अक्रोड फोडाल अक्रोड!’ आणि आम्ही शेजारी उभे राहून, ‘हो हो, फोडतील की!’

मी म्हटलं पुतण्याला, अरे, हे थांबवा. तो म्हणाला, ‘थांबवलं तर बाबांना संशय येईल.’ सूनबाई म्हणाली, ‘तेवढीच आशा असते हो माणसाला.’ आशा! जबड्याला टाके घालून? दादाला भाजलेले शेंगदाणे जीव की प्राण. पंपघरात रात्रभर एक-एक दाणा चघळत बसायचा. तो माणूस हिरड्यांवरनं जीभ फिरवत शेजारच्या पोरांचं खाणं बघायचा, आणि मी... मी आपला गप्प!

त्यात ह्या वेधशाळेचं पत्र आलं. वेधशाळा म्हटल्यावर आमच्या हिला वाटलं, उद्या पाऊस पडेल की नाही ते सांगतात तीच. ती नव्हे हो! डोंगराच्या टोकावर मोठ्ठी दुर्बीण असलेली. महिन्यातून एकदा बारा माणसांना रात्रभर वर ठेवून घेतात, आभाळ दाखवतात. चिठ्ठ्या टाकून नावं काढतात. दादानं कधी अर्ज केला होता कोण जाणे, त्याचं नाव निघालं. जेवताना, म्हणजे भात गिळताना, तो म्हणाला, ‘मी जाणार आहे.’ पुतण्या उडालाच. ‘बाबा, थंडी... उंची... सूज उतरू दे आधी...’ तेव्हा वहिनी म्हणाल्या, ‘जाऊ दे त्यांना.’ डॉक्टरला विचारलं तर तो म्हणाला, ‘आता त्यानं वेगळं काय होणार आहे?’ अशी ती परवानगी! आणि बरोबर कोण? काका! कारण काकांना काय उद्योग आहे?

निघताना पुतण्यानं मला कोपऱ्यात घेतलं आणि एक बंद पाकीट खिशात कोंबलं. ‘काका, यात बाबांच्या आजाराचं सगळं खरं लिहिलंय. वर एक कंपाउंडर असतो. त्याला एकट्याला गाठून द्यायचं. चुकून बाबांच्या हाताला लागलं तर कळू नये म्हणून मी नाव घातलेलं नाही, वय घातलेलं नाही. आणि काका... प्लीज...’ अरे हो! किती वेळा?

निघालो. डोंगराचा रस्ता म्हणजे वळणावर वळण, ड्रायव्हर सराईत, तरी माझा उजवा पाय आपला प्रत्येक वळणाला खाली ब्रेक शोधतोय. सवय! दादा खिडकीला नाक लावून बसलेला. मग त्या पायऱ्या. दादा दहा पायऱ्या चढायचा, थांबायचा, पोट दाबायचा, परत दहा. पण चढला. आणि मी? माझ्या छातीचा भाता, डोळ्यांपुढे काजवे. तारे बघायला वर जायचीसुद्धा गरज नव्हती, मला पायऱ्यांवरच दिसले सगळे!

वर पोचलो तर दवाखान्याची एक खोली, लाल दिव्याची. तिथे हे वरच्या थंडीचा त्रास होणाऱ्यांसाठी ठेवलेले कंपाउंडर. गृहस्थ भला, पण बाजूलाच जनरेटर असल्यामुळे त्याचे कान गेलेले, आणि बहिरा माणूस बोलतो कसा तुम्हाला माहीत आहे... सभेत बोलल्यासारखा! दादा बाथरूमला गेलाय अशी खात्री केली, हळूच पाकीट दिलं, कानाशी म्हटलं, ‘मनातल्या मनात वाचा.’ तो म्हणाला, ‘काय?’ म्हटलं, ‘मनात वाचा!’ म्हणाला, ‘हो, वाचतो ना!’ आणि फोडलं, आणि डोंगराला ऐकू जाईल अशा आवाजात, ‘स्वादुपिंडाचा कॅन्सर! शेवटची पायरी! तीन ते चार महिने! पेशंटला याची कल्पना दिलेली नाही! बरं, पेशंट कोण?’

मी मागे वळून बघतो, तर दारात दादा. हात पुसत उभा.

तुम्हाला सांगतो, माणसाच्या डोक्यात अशा वेळी काय येईल सांगता येत नाही. लोक अकलेचे तारे तोडतात, मी त्या रात्री अख्खं आभाळ तोडलं. मी म्हणालो, ‘पेशंट मी!’

‘काय?’ कंपाउंडर.

‘मी! पेशंट! मी!’ छातीवर हात मारून. आणि मी धापा टाकतोय, घामाघूम, तोंड काळंनिळं. शंका घ्यायला जागाच नव्हती हो! तरी तो पाकिटात परत बघून म्हणतो, ‘पण इथे तर लिहिलंय, पेशंटला माहीत नाही.’

‘तुम्हीच तर सांगितलंत आत्ता!’

तो बिचारा पांढरा पडला. ‘अरेरे,’ म्हणाला, ‘माफ करा हो, माफ करा,’ आणि मला धरून खाटेवर आडवंच केलं. नाकात ऑक्सिजनची नळी, छातीवर दोन ब्लँकेटं, पायाशी गरम पाण्याची पिशवी, आणि दारातल्या दादाला बजावलं, ‘ह्यांनी दुर्बिणीच्या घुमटात जायचं नाही! एकही पायरी चढायची नाही!’ दादा दारातच. बघत राहिला. मग आला, स्टूल ओढलं, आणि माझ्याशेजारी बसला.

आणि त्यानं माझा हात हातात घेतला.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय? अहो, बावन्न वर्षांत त्या हातानं मला फक्त कानफटात दिली होती. तीही दोनदा, आणि दोन्ही वेळा बरोबर होती. तो हात माझ्या हातात! सगळी कातडी उरलेली, आत हाडं, आणि तो माझा हात चोळतोय, मला थंडी वाजू नये म्हणून! स्वतःची लोकरी टोपी काढली आणि माझ्या डोक्यावर घातली. मी म्हणतोय, ‘दादा, तुला थंडी...’ तो म्हणाला, ‘माझं काय, मला साधी सूज आहे.’

मी आपला गप्प!

बाहेर ढग. बाकीची दहा माणसं जेवणघरात कॉफी पीत ढग हटायची वाट बघतायत, आणि आम्ही दोघं त्या लाल उजेडात. थोड्या वेळानं दादा म्हणाला, ‘रेडिओ.’ म्हटलं, हां. म्हणाला, ‘बोल रे काहीतरी.’

ऐकलंत? बोल म्हणाला! साठ वर्षं ज्यानं ‘बंद हो’ म्हटलं, तो ‘बोल’ म्हणतोय! आणि मला... मला शब्द सुचेना. दातखीळ बसली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं! काय बोलू? जे बोलायचं ते बोलायचं नाही, आणि दुसरं काही आठवत नाही.

मग तोच बोलायला लागला. कधी नव्हे तो. ‘तुझ्या लग्नात मी सासऱ्याला म्हटलं होतं, पोरगं बडबडं आहे, आयुष्यात काही करायचं नाही. चुकलं माझं. तू शिकवलेली माणसं कुठं कुठं गाड्या चालवतायत.’ मी म्हटलं, ‘जाऊ दे रे दादा.’ म्हणाला, ‘तू घाबरू नकोस. घरच्यांनी तुला सांगितलं नाही, त्यांचंही चुकलं. माणसाला त्याचं स्वतःचं तरी कळायला पाहिजे. पण मी आहे. रोज येऊन बसेन. शेवटपर्यंत मी आहे तुझ्याबरोबर.’

शेवटपर्यंत! हा! माझ्या शेवटपर्यंत!

आणि पुढे म्हणाला, ‘तोवर माझे दात पण येतील. तुला आवडतात ना शेंगदाणे, आपण दोघं मिळून...’ आणि थांबला. बोटांवर महिने मोजले हो त्यानं. एक, दोन, तीन, चार. पुढे सरकलाच नाही. आपले दात येतील तेव्हा आपला भाऊ नसेल, हे त्याच्या लक्षात आलं, आणि तो माणूस रडला. आवाज न करता. बोळक्या तोंडानं. वडील गेले तेव्हा रडला नव्हता.

मी नाकातल्या नळीनं ऑक्सिजन ओढतोय, ढोरासारखा ठणठणीत, आणि मरणारा माणूस माझ्यासाठी रडतोय. सांगा, कुठल्या शपथेत हे बसतं? तरी मी... तरीसुद्धा मी... आपला गप्प.

मग दोन वाजता ढग फाटले. दुर्बिणीच्या बाई आल्या. बाई म्हणजे तिशीतली, तिथे ताऱ्यांचाच अभ्यास करणारी, रात्रभर जागूनही टवटवीत. ‘चला चला, आभाळ उघडलंय, तासभरच मिळेल!’ बाहेर पळापळ. दादा जागचा हलला नाही. मी म्हटलं, ‘दादा, जा.’ म्हणाला, ‘तू?’ म्हटलं, ‘मला बंदी आहे.’ म्हणाला, ‘मग मीही नाही.’

‘अरे, जन्मभर वाट बघितलीस!’

‘तारे कुठे पळतायत? पुढच्या वर्षी येईन.’

पुढच्या वर्षी!

तुम्हाला सांगतो, तिथे माझ्यातलं काहीतरी तुटलं. नळी काढली, उठून बसलो. म्हटलं, ‘दादा, ते पत्र माझं नाही.’

‘मग?’

‘माझं नाही रे.’

‘मग कुणाचं आहे?’

आणि मी... मी गप्प. पण ह्या वेळी शपथेसाठी नव्हे. ह्या वेळी तोंडातून निघेनाच. खोलीत माणसं दोनच. एकाचं नाही म्हटल्यावर दुसऱ्याचं, एवढा हिशोब व्हॉल्व्हवाल्याला करता येतो. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याचा हात पोटावर गेला, दुखतं तिथे. मग म्हणाला, ‘म्हणजे तू बरा आहेस?’

म्हटलं, ‘मला काय धाड भरलीय.’

‘नक्की?’

‘नक्की.’

‘बरं झालं,’ म्हणाला. डोळे मिटले. ‘बरं झालं रे.’

काय म्हणावं ह्या माणसाला? स्वतःच्या मरणाची बातमी आत्ता ह्या क्षणी कळलीय, आणि बरं झालं!

पण तो अगदीच संत नव्हता हां. मिनिटभरानं त्याची जीभ हिरड्यांवरनं फिरली. डोळे उघडले. म्हणाला, ‘मग हे दात?’

मी खाली बघतोय.

‘अकरा वेळा त्या खुर्चीत बसलो मी! जबड्याला भोकं पाडलीत! महिनाभर भात गिळतोय! आणि तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं? सगळ्यांनी तोंडं बंद ठेवली आणि मला एकट्याला आ करून बसवलंत?’ असा ओरडला, की बहिऱ्या कंपाउंडरलासुद्धा ऐकू गेलं, तो धावत आला. ‘पेशंटला त्रास देऊ नका!’ म्हणून दादालाच दटावतोय! दादानं त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाला, ‘पेशंट मी आहे. सरका.’

आणि चालायला लागला. मी ब्लँकेट घेऊन मागे.

घुमटात काळोख, वर फट उघडलेली, त्यातून गार वारा, आणि मधोमध ती दुर्बीण, तोफेसारखी. दहा माणसांची रांग. बाई एका तांबड्या ताऱ्याबद्दल सांगत होत्या, ‘हा म्हातारा झालाय, ह्याचं इंधन संपत आलंय, हा आता फार काळाचा सोबती नाही.’ आणि दादा अंधारातून म्हणाला, ‘त्याला सांगितलंय का?’

सगळे हसले. बाईपण हसल्या. मी एकटाच नाही हसलो... नाही, खोटं कशाला बोलू? मीपण हसलो. हसता हसता भिंतीला टेकावं लागलं.

दादाचा नंबर आला तेव्हा त्याला तो तांबडा तारा नको होता. त्यानं बाईंना आपला तो पांढरा दाखवला, टाकीच्या कडेला टेकणारा. ‘हा लावून द्या.’ बाईंनी बटणं दाबली, दुर्बीण कुरकुरत फिरली. दादानं डोळा लावला. बघतोय, बघतोय... मागे रांग खोकायला लागली. मग म्हणाला, ‘हे दोन आहेत?’ बाई म्हणाल्या, ‘हो, जोडतारा आहे. नुसत्या डोळ्यांना एकच दिसतो. एकमेकांभोवती फिरतायत.’

‘एकोणचाळीस वर्षं,’ दादा म्हणाला, ‘मी ह्याच्यावर पाणी सोडलं, पाणी बंद केलं. मला कुणी सांगितलं नाही.’

‘तुम्ही विचारलं नसेल,’ बाई गोड हसून म्हणाल्या.

‘हो,’ म्हणाला. ‘ते पण आहेच.’

सकाळी खाली उतरताना त्यानं मला धरलं. ‘रेडिओ, घरी बोलायचं नाही.’ म्हटलं, ‘काय बोलायचं नाही?’ म्हणाला, ‘मला कळलंय ते. पोरगा जिवाच्या आकांतानं नाटक करतोय, त्याचं पडू द्यायचं नाही. आणि तुझ्या वहिनीला तर मुळीच नाही. मला माहीत नाही ह्याच एका आधारावर उभी आहे ती. घे शपथ.’

परत शपथ! म्हणजे आगीतून फुफाट्यात! आतापर्यंत त्यांचं त्याला सांगायचं नव्हतं, आता त्याचं त्यांना सांगायचं नाही! मी काय माणूस आहे की टपालाची बंद पेटी? घेतली शपथ. काय करणार?

घरी दारातच पुतण्या. कानाशी, ‘काका, काही बोलला नाहीत ना?’ मी आपला गप्प. मानेनं नाही.

दुसऱ्या दिवशी दादा दाताच्या डॉक्टरकडे गेला आणि म्हणाला, ते अक्रोडाचं राहू दे, मला काढ-घाल करायची साधी कवळी दे, आठवड्याच्या आत. घरात हाहाकार! ‘बाबा, पक्के दात...’ ‘कंटाळा आला,’ म्हणाला. कवळी आली त्या दुपारी तो गॅलरीत बसून मूठभर शेंगदाणे खात होता. दुखत होतं, पोटात जात नव्हतं, तरी एक-एक करून चघळत होता. मला बोलावलं आणि अर्धी मूठ माझ्या हातावर ठेवली. म्हणाला, ‘बोल.’ आणि मी बोललो हो! कुणाला क्लच कळत नाही, कुणी गाडी दुकानात घातली, सगळं. रोज जायचो. नऊ आठवडे. तो डोळे मिटून ऐकायचा आणि एकदाही ‘बंद हो’ म्हणाला नाही.

आणि काय नाटक चाललं होतं त्या घरात! पुतण्या, ‘बाबा, आज चेहरा छान दिसतोय!’ दादा, ‘हो ना, सूज उतरतेय.’ वहिनींना कामं शिकवायचा. विजेचं बिल कसं भरायचं, कुठल्या कपाटात काय आहे. ‘हल्ली विसरतो मी, तू लक्षात ठेव.’ वहिनी, ‘बरं, बरं,’ करून वहीत लिहून घ्यायच्या. सगळे एकमेकांसमोर हसतायत आणि एकेक करून बाथरूममध्ये जाऊन नळ सोडतायत. आणि मी मध्ये. दोन्ही बाजूंचं माहीत असलेला एकटा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

एका दुपारी गेला. झोपेतच.

भेटायला माणसं यायला लागली. जो येईल त्याला पुतण्या सांगतोय, ‘एवढं एक समाधान आहे, बाबांना शेवटपर्यंत काही कळलं नाही.’ येणारे म्हणतायत, ‘भाग्यवान हो, भाग्यवान.’ आणि पुतण्यानं मला मिठी मारली, चारचौघांत. ‘काका, तुमचीच भीती होती. पण तुम्ही शब्द पाळलात.’ अरे, कुठला पाळला? कुठला मोडला? मलाच ताळमेळ लागेना. मी आपला गप्प!

संध्याकाळी गर्दी कमी झाली. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर वहिनी एकट्याच. कप विसळत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘भाऊजी, एक विचारू? खरं सांगाल? त्यांना कळलं होतं का?’

आता तुम्ही सांगा, काय बोलू? हो म्हणावं, तर नऊ आठवडे दोघं एका बिछान्यावर झोपून एकमेकांशी खोटं हसत होते, हे त्या बाईच्या पदरात घालायचं. बरं, नाही म्हणावं, तर तो माणूस अनोळखी कंपाउंडरला जे तोंडावर सांगू शकला, ते सगळं मी पुसून टाकायचं. मी तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. तीस वर्षं बोलून पोट भरलेला माणूस मी, आणि एक अक्षर, एक ‘हं’ देखील... मी आपला उभा. गप्प.

वहिनींनी नुसतं माझ्या तोंडाकडे बघितलं. कप पालथा घातला. डोळ्याला पदर लावला आणि म्हणाल्या, ‘बरं. नका सांगू. कळलं.’

घ्या! जन्मभर घसा फोडून बोललो तेव्हा ह्या घरात कुणी ऐकलं नाही, आणि आयुष्यात एकदा, एकदाच खरोखर गप्प बसलो... तर त्या माउलीला सगळं ऐकू गेलं!